आगकाड्यांचा वारसा

केंद्रीय अर्थसंकल्प सादर झाला की लोकांचे लक्ष करांचे दर आणि महागाई यांकडे लागते. त्यामुळे १ फेब्रुवारी २०२६ रोजी संसदेत झालेली एक घोषणा पुष्कळांच्या नजरेतून निसटली असल्यास नवल नाही. देशातील १५,००० माध्यमिक शाळांत आणि ५०० महाविद्यालयांत ॲनिमेशन, दृश्य-परिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स या कलांच्या प्रयोगशाळा काढण्यात येतील व त्या कामी मुंबईच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज या नव्या संस्थेस साहाय्य देण्यात येईल, असे अर्थमंत्र्यांनी त्या दिवशी सांगितले. या धंद्यास २०३० पर्यंत वीस लाख माणसे लागतील असा अंदाजही त्यांनी वर्तविला. त्यापूर्वी, सप्टेंबर २०२५ मध्ये, महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने याच उद्योगासाठी ३,२६८ कोटी रुपयांच्या आराखड्यासह एक स्वतंत्र धोरण मंजूर केलेले आहे. तेव्हा द्रव्याची आणि उत्साहाची उणीव आहे असे म्हणता येणार नाही. प्रश्न आहे तो निराळाच. या प्रयोगशाळांत बसून आमची मुले कोणाच्या गोष्टींची चित्रे काढणार, आणि काढलेल्या चित्रांचा धनी कोण होणार? हा प्रश्न विचारण्याचा अधिकार महाराष्ट्रातील कोणत्याही शहराला आहे. नाशिकला तो अधिक आहे, आणि नाशिकवर ते एक प्रकारचे कर्तव्यही आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक शहरातच त्यांनी देह ठेविला, हे येथील शाळकरी मुलासही ठाऊक असते. 'राजा हरिश्चंद्र' हा त्यांचा बोलपट ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला असे अजूनही काही वक्ते जयंतीच्या सभांतून ठोकून देतात. तो मूकपट होता एवढे तरी त्यांनी ध्यानी ठेवावे. परंतु दादासाहेबांच्या कर्तृत्वाची एक बाजू अशी आहे की जी सभांतून क्वचितच निघते. दादासाहेब हे प्रथम चित्रकार होते. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांचे शिक्षण झाले. छायाचित्रण, ठसे तयार करणे, शिळाछाप, जादूचे प्रयोग असे नाना व्यवसाय त्यांनी केले. १९१२ साली विलायतेहून कॅमेरा घेऊन परत आल्यावर त्यांनी पहिला प्रयोग केला तो कोणा नटावर नव्हे, तर कुंडीत रुजत घातलेल्या वाटाण्याच्या दाण्यावर. दाण्यातून कोंब निघून त्याचे रोप होईपर्यंत ते कॅमेरा मांडून बसले, थोड्याथोड्या वेळाने एकेक चित्र घेत राहिले, आणि पडद्यावर ते रोप पाहता पाहता वाढले. भांडवल देणाऱ्याच्या मनात विश्वास उत्पन्न झाला तो हा चमत्कार पाहून.

१९१३ मध्ये त्यांनी आपले बिऱ्हाड नाशिकला आणले. त्यानंतर, १९१५ च्या सुमारास, त्यांनी 'आगकाड्यांची मौज' नावाचे एक छोटेसे चित्र तयार केले. आगकाड्या मांडायच्या, एक चित्र घ्यायचे. काड्या किंचित सरकवायच्या, पुन्हा एक चित्र घ्यायचे. असे शेकडो वेळा केले म्हणजे निर्जीव काड्या पडद्यावर चालू-नाचू लागतात. फ्रान्समध्ये एमिल कोल याने १९०८ साली आगकाड्यांचाच असा खेळ करून दाखविला होता. त्यानंतर अवघ्या सात-आठ वर्षांत, युरोपात महायुद्ध पेटलेले असताना आणि पैशांची चणचण असताना, नाशिकच्या एका माणसाने तोच खेळ स्वतःच्या बुद्धीने येथे मांडला. ज्या उद्योगासाठी आज सरकारे हजारो कोटींचे आराखडे करीत आहेत, त्याचा या देशातील आरंभ काड्यापेटीतील काड्यांनी झाला, ही गोष्ट केवळ कौतुकाने सांगून सोडून देण्यासारखी नाही. तीत या धंद्याचे मर्म आहे. साधन क्षुल्लक होते. पण कल्पना दादासाहेबांची, हात दादासाहेबांचे, आणि तयार झालेली वस्तूही दादासाहेबांचीच होती. या तीन गोष्टी एका ठिकाणी असणे हेच त्यांचे खरे भांडवल होते.

या कलेला लागणारे हात आणि कल्पना महाराष्ट्रात पुढे आटल्या असे झालेले नाही. मुळात चित्रांची मालिका दाखवीत कथा सांगण्याची रीत आमच्याकडे जुनी आहे. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी रामायण-महाभारतातील प्रसंगांची रंगविलेली पाने एकामागून एक उलटीत रात्री जागवीत आले. त्या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री देऊन शासनाने तिचा गौरव केला. पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३४ साली 'जंबूकाका' हे व्यंगचित्रांचे हलते चित्र काढले. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने १९५६ मध्ये मुंबईत व्यंगपटांचा स्वतंत्र विभाग उघडला, डिस्नेच्या कारखान्यात काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथील तरुणांना धडे दिले, आणि त्या शाळेतूनच राम मोहन यांच्यासारखा पुढील दोन पिढ्यांचा गुरू तयार झाला. विजया मुळे यांनी १९७४ साली केलेले 'एक, अनेक और एकता' हे चित्र ज्याने बालपणी दूरदर्शनवर पाहिले नाही असा पन्नाशीतील माणूस शोधूनच काढावा लागेल. कागदावरील चित्रकथेचेही तेच. १९६७ साली अनंत पै यांनी 'अमर चित्रकथा' सुरू केली तेव्हा राम वाईरकर, प्रताप मुळीक अशा चित्रकारांच्या कुंचल्यांतून देशभरच्या मुलांनी कृष्ण आणि शिवाजी पाहिले. मद्रासहून येणारा 'चांदोबा', वेताळाच्या गोष्टी सांगणारे मराठी 'इंद्रजाल कॉमिक्स', बालभारतीचे १९७१ पासूनचे 'किशोर' यांच्या अंकांसाठी घरोघरी भावंडांत भांडणे होत असत.

मग अडले कोठे? याचे उत्तर या धंद्यात कामाची विभागणी कशी झाली ते पाहिल्यावाचून मिळणार नाही. पडद्यावर एका सेकंदात चित्राच्या २४ चौकटी सरकतात. एक चित्र दोन चौकटींपुरते वापरले तरी सेकंदाला बारा, म्हणजे मिनिटाला ७२० चित्रे लागतात. एवढी चित्रे एका माणसाने काढणे शक्य नाही. म्हणून मुख्य चित्रकार हालचालीच्या आरंभीची व अखेरची चित्रे काढतो आणि मधली चित्रे दुय्यम चित्रकार भरतात. त्यानंतर रेषा स्वच्छ करणारे, रंग भरणारे, आणि अलीकडे संगणकावर नटाची आकृती कडेकडेने कापून पार्श्वभूमीपासून वेगळी करणारे कारागीर येतात. यांतील गोष्ट रचण्याचे, पात्र घडविण्याचे आणि मुख्य चित्रे काढण्याचे काम परदेशात राहिले. मधली भरण्याचे, कापण्याचे आणि पुसण्याचे काम, मजुरी स्वस्त म्हणून, आमच्याकडे आले. नव्वदीच्या दशकापासून मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे उभ्या राहिलेल्या बहुसंख्य कार्यशाळा याच कामावर पोसल्या गेल्या. त्या कामाने हजारो घरांत चूल पेटली, हे आम्ही नाकारीत नाही. प्रामाणिक मजुरीत कमीपणाही नाही. परंतु नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यास या व्यवहाराचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडू नये. कांदा आम्ही पिकवावा, उन्हातान्हात आम्ही राबावे, आणि भाव मात्र ज्याने शेत पाहिलेले नाही अशा माणसाने ठरवावा, हा अनुभव लासलगावच्या बाजारात त्याने जन्मभर घेतलेला आहे. चित्राच्या धंद्यातही ज्याच्या हाती पात्राची मालकी, त्याच्या हाती बाजार. ते पात्र पुस्तकातून पडद्यावर, पडद्यावरून खेळण्यावर आणि दप्तरावर जाते. प्रत्येक ठिकाणचा पैसा धन्याकडे जातो, आणि ज्याने त्याची हजारो चित्रे काढली त्याचा हिशेब महिनाअखेरीस पगाराच्या पाकिटात पूर्ण होतो.

आजवर ही मजुरी निदान सुरक्षित होती. आता तीही राहिलेली नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे जी कामे प्रथम शिकत आहेत ती नेमकी हीच आहेत: दोन चित्रांमधली चित्रे भरणे, रेषा साफ करणे, आकृती कापणे. पंधरा हजार शाळांत जर आम्ही मुलांना केवळ यंत्राची बटणे दाबावयास शिकविणार असू, तर ज्या कामासाठी त्यांना तयार करीत आहोत ते काम त्यांचे शिक्षण पुरे होण्यापूर्वीच यंत्राने उचललेले असेल. ही भीती अतिशयोक्त आहे असे कोणी म्हणेल. पण शिकवणीची फी भरण्यासाठी ज्या बापाने कर्ज काढले, त्याला हा धोका आधी सांगितला पाहिजे, मागाहून नव्हे. गोष्ट रचणे, पात्राचा स्वभाव ओळखणे, एका रेषेत हसू किंवा राग आणणे ही विद्या ज्याच्यापाशी आहे त्याच्या हाती यंत्र हे हत्यार ठरेल. ज्याच्यापाशी ती नाही, त्याची जागाच यंत्र घेईल.

कायद्याचाही विचार येथे केला पाहिजे. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे नोकरीत असताना केलेल्या कृतीचा पहिला स्वामी, निराळा करार नसल्यास, नोकरी देणारा असतो. चित्रपटातील गीतकार व संगीतकार यांच्यावर होणारा अन्याय दूर करण्यासाठी संसदेने २०१२ साली या कायद्यात दुरुस्ती केली आणि स्वामित्वधनाचा त्यांचा हक्क करारानेही काढून घेता येणार नाही असे ठरविले. दुरुस्ती स्तुत्य होती. परंतु तिच्यातील शब्द 'साहित्यिक' आणि 'सांगीतिक' कृती एवढेच आहेत. चित्रकृतीचे नाव त्या तरतुदीत नाही. गाणे लिहिणाऱ्यास जे मिळाले ते पात्र रेखाटणाऱ्यास का मिळू नये, हे आम्हांस समजत नाही. चित्रांच्या उद्योगास हजारो कोटी देणाऱ्या सरकारांनी आधी ही एका शब्दाची भर घालावी. तिला एक रुपयाही खर्च येणार नाही.

परदेशाकडे पाहावयाचे असेल तर ते जपानकडे पाहावे. तेथील हलत्या चित्रांचा उद्योग प्रथम कागदावर उभा राहिला. ओसामू तेझुका यांची 'ॲस्ट्रो बॉय' ही चित्रकथा १९५२ पासून मासिकात येत होती; मुलांनी ती दहा वर्षे वाचली, त्यावर प्रेम केले, आणि मग १९६३ साली ती दूरचित्रवाणीवर आली. स्वस्त कागदावर छापलेल्या साप्ताहिकांत शेकडो चित्रकार आपल्या कथा आजमावतात, वाचक त्यांची परीक्षा करतात, आणि जी टिकते तिचे चित्रपट होतात. तिचा हक्क सामान्यतः चित्रकाराकडे राहतो. अशा देशातील युगो साको नावाच्या गृहस्थाने रामकथेने भारून जाऊन राम मोहन यांना सोबत घेतले आणि सुमारे एक लाख चित्रे हातांनी रेखाटवून 'रामायण: द लिजेंड ऑफ प्रिन्स राम' हा चित्रपट १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत पुरा केला. जानेवारी २०२५ मध्ये तो आपल्याकडे चित्रपटगृहांत लागला तेव्हा आईबाप मुलांना घेऊन तो पाहावयास गेले. ज्या सीताहरणाची जागा आम्ही येणाऱ्या प्रत्येक यात्रेकरूला पंचवटीत हात करून दाखवितो, ते सीताहरण आमच्या मुलांनी जपानी चित्रकारांच्या रेषांतून पाहिले. साको यांच्याविषयी आम्हांस आदरच वाटतो. लाज वाटते ती स्वतःची. येथे प्रेक्षक नाही ही सबब तर आता मुळीच चालणार नाही. जुलै २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'महावतार नरसिंह' या भारतीय ॲनिमेशनपटाने देशात अडीचशे कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न मिळवून ती खोडून काढलेली आहे.

या दोषात वृत्तपत्रांचा वाटा लहान नाही, आणि तो आम्ही मोकळेपणाने पदरी घेतो. चित्रकाराची पहिली बाजारपेठ वृत्तपत्राचे पान हीच असते. बाळासाहेब ठाकरे यांनी १९६० साली 'मार्मिक' काढले ते व्यंगचित्राच्या बळावर. १९९१ साली पुण्याच्या 'सकाळ'मध्ये सुरू झालेल्या 'चिंटू'ने सिद्ध केले की मराठी घरातल्या एका खोडकर मुलाची चार चौकटींची गोष्ट वाचक रोज सकाळी अगोदर शोधतात. शि. द. फडणीस यांचे शब्दावाचून बोलणारे चित्र मुखपृष्ठावर आहे म्हणून दिवाळी अंक घेणारे लोक आम्ही पाहिलेले आहेत. आणि तरीही कागद महागला, जाहिराती घटल्या की पहिली कात्री चित्रावर चालते. परदेशातून तयार येणारी चित्रमालिका स्वस्त पडते म्हणून ती छापावयाची आणि गावातला मुलगा चित्रे घेऊन आला की त्याला 'पुढे पाहू' म्हणून वाटेला लावावयाचे, हा व्यवहार मराठी पत्रांच्या कचेऱ्यांत अपरिचित नाही. ज्यांनी वाचक घडवावयाचे त्यांनीच दार लावून घेतले, तर सरकारी प्रयोगशाळांतून बाहेर पडणारा मुलगा आपली गोष्ट दाखवावयास कोणाकडे जाईल?

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, मुंबई अवघ्या काही तासांच्या अंतरावर असताना नाशिकने हा खटाटोप करावाच कशाला? याला उत्तर दादासाहेबांनीच देऊन ठेवले आहे. मुंबईत चित्रपट दाखविला तरी तो तयार करण्यासाठी ते येथे आले, कारण येथे घाट होते, वाडे होते, आणि राहणे परवडत होते. ज्या कामाला आज एक खोली आणि एक संगणक पुरतो, त्यासाठी तर मुंबईचे भाडे भरण्याचे कारण त्याहून कमी आहे. दुसरा आक्षेप जुना आहे: चित्रकथा म्हणजे पोरखेळ, तिच्यात वेळ घालविणारी मुले पुस्तकांपासून दुरावतात. आमचा अनुभव उलट आहे. 'चांदोबा'तून वाचनाची गोडी लागलेली पिढीच पुढे आमच्या सार्वजनिक वाचनालयाची सभासद झाली. मराठी शाळांचे पट घसरत असताना मूल मराठी अक्षरांकडे स्वेच्छेने वळेल असे साधन हाती असून ते टाकून देणे शहाणपणाचे नाही.

तेव्हा नाशिकने काय करावे? आमच्या मते इमारतीपासून आरंभ करू नये. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी महानगरपालिकेने उभारलेले फाळके स्मारक आहे. त्याच्या नूतनीकरणाचा विषय वारंवार निघतो, आणि प्रत्येक वेळी चर्चा कारंजी, बगीचे आणि ठेके यांवर येऊन थांबते. त्या स्मारकात एक चालती कार्यशाळा असावी, जेथे कोणत्याही शाळेतील मुलाने सुटीच्या दिवशी जावे, काड्यापेटी आणि कॅमेरा हाती घ्यावा, आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या मिनिटाचे का होईना स्वतःचे चित्र करून घरी यावे. दादासाहेबांचे यापेक्षा उचित स्मरण आम्हांस सुचत नाही. दुसरी गोष्ट शाळांची. ज्या शाळेत चित्रकलेचा शिक्षकच नाही, तेथे प्रयोगशाळा काढणे म्हणजे विहीर नसलेल्या शेतात पंप बसविणे होय. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांस पिढ्यान्‌पिढ्या मुले बसत आली आहेत. त्या परीक्षा दहावीच्या वाढीव गुणांपुरत्या न राहता या नव्या विद्येच्या पहिल्या पायऱ्या व्हाव्यात, म्हणून प्रत्येक प्रयोगशाळेमागे एक पूर्ण वेळ कलाशिक्षक ही अट जिल्ह्याने शासनाकडे आग्रहाने मागावी. १९८९ पासून याच शहरात असलेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने सुरगाणा, पेठ, कळवण येथील मुलाला घर न सोडता शिकता येईल असा मराठीतून अभ्यासक्रम आखावा, आणि त्यात कराराचा कागद कसा वाचावा हाही एक धडा घालावा.

तिसरी गोष्ट कामाची. शिकलेल्या हातांना पहिले काम गावानेच दिले पाहिजे. सिंहस्थाच्या पर्वण्या २०२७ मध्ये आहेत. लक्षावधी यात्रेकरूंना घाट, वाटा, आरोग्य आणि स्वच्छता यांच्या सूचना द्याव्या लागणार आहेत, आणि त्यांतील अनेकांना मराठी वाचता येणार नाही. चित्रकथेची गरज याहून कोठे अधिक असेल? ही कामे बाहेरच्या जाहिरात कंपन्यांकडे घाऊक न देता त्यांतील काही भाग येथील तरुण चित्रकारांस नावानिशी द्यावा, आणि चित्राखाली त्यांची सही राहू द्यावी. महापालिका, जिल्हा परिषद, साखर कारखाने, द्राक्ष बागाईतदारांच्या संस्था यांना चित्रांनी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. आणि वृत्तपत्रांनी आपल्या पानांवर, रोज नाही तर आठवड्यातून एकदा तरी, स्थानिक चित्रकथेला जागा ठेवावी. हा उपदेश आम्ही प्रथम स्वतःस करीत आहोत.

दादासाहेबांची कथा सांगताना त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांना विसरता येत नाही. अंगावरचे दागिने त्यांनी या कामी दिलेच, पण फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामे रात्री जागून त्यांनी स्वतः केली. या कष्टांना त्यांचे नाव लाभावयास फार वर्षे जावी लागली. आज काळोख्या खोल्यांत संगणकासमोर बसून दुसऱ्याच्या चित्रातील मधल्या चौकटी भरणाऱ्या आमच्या मुलामुलींची नावे चित्राच्या शेवटी धावत्या यादीत येतात, आणि ती वाचण्यापूर्वीच लोक उठून चालू लागतात. ही नावे यादीच्या तळातून वर यावीत एवढ्यासाठीच नाशिकने झटावयाचे आहे. पैसा येणार आहे, तो कोठे ना कोठे खर्चही होईल. ज्या शहरात या कलेने पहिल्यांदा काड्या हलविल्या, त्या शहरातील मूल मजूर म्हणून तीत शिरते की धनी म्हणून, हे ठरविण्यास आता फार अवधी उरलेला नाही.